नावाने संत्रं, नात्याने फणस

गेल्या रविवारी मिस्त्रीकाका घरी आले होते. चहाआधीच गच्चीवर गेले, पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली माझी मोगरी, म्हणजे पटाशीवर मारायची लाकडी हातोडी, काढली, अंगठ्याचं नख दाबून पाहिलं, मग कानाजवळ नेऊन बोटाच्या पेराने वाजवली.

"बाप्पा! हे कोणतं लाकूड हाय? बाभूळ नाही. तिवस नाही. धावडा तं नाहीच नाही."

नागपूरच्या लकडगंजात उभा जन्म लाकूड हाताळण्यात गेलेला हा माणूस. डोळे मिटून नुसत्या वासावरून सागवान आणि शिसम वेगळं करतो. तीन नावं घेऊन ते गप्प झाले, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काका, इंग्रजीत याला संत्रं म्हणतात. ओसेज ऑरेंज."

"संत्र्याचं लाकूड एवढं जाड कुठं भेटते?"

त्यांचं बरोबर होतं. संत्र्याच्या गावात राहतो आपण. काटोल-नरखेडकडे जुनी बाग तोडली की ते लाकूड चुलीत जातं, त्याची मोगरी कोणी करत नाही. मग मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. चहा दोनदा गरम करावा लागला. जाताना म्हणाले, "हे लिहून ठेवा भाऊ, मले पोट्ट्याकडून वाचून घेता येईल." म्हणून लिहितो आहे.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. नोकरीत असताना लाकडाशी संबंध खांबापुरता. निवृत्तीनंतर दर शनिवारी काकांच्या दुकानात जाऊन बसायला लागलो, आधी नुसता बघायला, मग रंधा धरायला. आता गच्चीवर स्वतःची छोटी जागा आहे: एक बाक, दोन करवती, पटाश्यांचा संच, आणि मे महिन्यात दुपारी उभं राहता येणार नाही असा पत्रा.

माझी लेक अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहराच्या कडेला राहते. दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिच्या कॉलनीच्या मागे पूर्वीचं शेत आहे आणि शेताच्या धुऱ्यावर जुन्या झाडांची एक लांबच लांब रांग. पहिल्याच सकाळी फिरायला निघालो तर मागे धप्प असा आवाज झाला. वळून पाहिलं तर गवतात एक हिरवं फळ. मोठ्या कवठाहूनही मोठं, उचललं तर चांगलं किलोभर. रंग कच्च्या लिंबाचा, पिवळ्याकडे झुकणारा. साल मात्र गुळगुळीत नव्हती. अक्रोड फोडल्यावर आतला गर जसा वळ्यावळ्यांचा दिसतो तशी सगळीकडून वळ्यांची. नाकाशी धरलं तर संत्र्याच्या सालीचा अगदी पुसट वास. इंग्रजी नावात 'ऑरेंज' आलं ते या दिसण्यामुळे आणि वासामुळेच. बाकी संत्र्याशी त्याचं काहीही नातं नाही.

मग नातं कोणाशी, हे हिने शोधून काढलं.

मी फळ घरी आणलं आणि चाकू घेऊन कापायला बसलो. पातं आत गेलं आणि तिथेच चिकटलं. पांढराशुभ्र चीक पात्यावर, बोटांवर, ओट्यावर. पाण्याने धुवायला गेलो तर आणखीच चिवट. ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, थांबा. तेल आणा आधी. हा फणसाचा चीक आहे."

नागपूरकरांना सांगायला नको. आपल्याकडे फणस बहुतेक कच्चा, भाजीसाठीच येतो. कॉटन मार्केटमध्ये फणस कापून देणारी बाई आधी हाताला आणि पात्याला तेल चोळते, मगच कोयत्याला हात लावते. हिने तसंच तेल लावून फळ दोन भाग केलं. आत मध्यभागी दांडा, त्याच्याभोवती दाटीने बसलेले तंतूंसारखे पदर आणि त्यांच्या तळाशी बारीक बिया. फणसात जशी चारखंडं आणि गरे दिसतात तशीच मांडणी, फक्त खाण्यासारखा गर नाही.

रात्री जावयांनी वाचून दाखवलं आणि ही बरोबर निघाली. झाडाचं शास्त्रीय नाव मॅक्लुरा पोमिफेरा. कुळ मोरेसी, म्हणजे तुतीचं. त्याच कुळात आपला फणस, वड, पिंपळ, उंबर. सगळे चिकाचे. फणसासारखंच हेही एक फळ नसून अनेक फुलांची फळं एकत्र जुळून झालेला गोळा आहे, प्रत्येक वळी म्हणजे एकेका फुलाचा भाग. शाळेत वनस्पतिशास्त्र मीही शिकलो होतो, पण कुळ ओळखलं ते ओट्याजवळ उभ्या राहिलेल्या बाईने, चिकावरून. हे मला अजून सांगावंसं वाटतं.

आणि एकदा फणसाचा भाऊ म्हटल्यावर मला पुढचं सगळं सोपं झालं. फणसाचं लाकूड पिवळं असतं हे मी काकांच्या दुकानात पाहिलं होतं. म्हणजे याचंही पिवळं असणार.

ते कसं पिवळं आहे हे शेजारच्या आजोबांनी दाखवलं. माझ्या नातीमुळे आम्हीही त्यांना आजोबाच म्हणायचो, जरी वयाने माझ्याच बरोबरीचे. जन्मभर शेती केलेले गृहस्थ. त्यांच्या गॅरेजबाहेर कुंपणाचे उपटलेले जुने खांब पडले होते. वडिलांनी पुरलेले, म्हणाले, म्हणजे पन्नास वर्षांच्या वरचे. वरून राखाडी, भेगाळलेले, आपल्याकडे शेतात बाभळीची जुनी मेढ दिसते तसे. जमिनीतला भागसुद्धा कुजलेला नव्हता, वाळवीचा माग नव्हता. आजोबांनी त्यातल्या एकाचं टोक करवतीने कापलं. राखाडी सालपटाखाली, काडीच्या जाडीएवढ्या थराच्या आत, लाकूड हळदीसारखं पिवळं होतं. हळद म्हणतो तेव्हा किसलेली ओली हळद म्हणतो, तेवढं ताजं. आणि भुसा खाली बर्फासारखा पडला, पण पिवळा.

माझ्या तोंडून फक्त "अरे!" निघालं.

तिकडे या झाडाला कोणी ओसेज ऑरेंज म्हणत नाही. 'हेज' म्हणतात, म्हणजे कुंपण. फळाला 'हेज अॅपल'. झाडाचं नावच कुंपण पडावं असा त्याचा इतिहास आहे, आणि तो ऐकताना मी सारखा आपल्या शेतकऱ्याच्या जागी जाऊन बसत होतो.

हे झाड मुळात टेक्सास, ओक्लाहोमा, अर्कान्सा यांच्या सीमेवरच्या रेड नदीच्या आसपासच्या थोड्या पट्ट्यातलं. ओसेज नावाचे आदिवासी त्याच्या लाकडाची धनुष्यं करत, म्हणून फ्रेंच लोकांनी त्याला 'ब्वा दार्क' म्हटलं, धनुष्याचं लाकूड. त्याचंच पुढे गावठी 'बोडार्क' झालं. १८०४ मध्ये मेरिवेदर लुईस या शोधमोहिमेच्या म्होरक्याने सेंट लुईसहून याची कलमं राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना पाठवली होती. मॅक्लुरा हे नाव मात्र विल्यम मॅक्लुअर या भूगर्भशास्त्रज्ञावरून आलं आहे.

नंतर गवताळ मैदानात शेतकरी वस्ती करू लागले तेव्हा तिथे कुंपणाला लाकूड नाही, दगड नाही. मग ही झाडं दाटीने लावायची, छाटायची, फांद्या एकमेकांत वाकवायच्या. काटे असे की तीन-चार वर्षांत भिंत उभी राहते. त्यांची म्हण आहे: कुंपण असं हवं की घोड्याला उडी मारता येऊ नये, बैलाला रेटता येऊ नये आणि डुकराला घुसता येऊ नये.

डुकराचं नाव निघालं आणि माझा जीव एकदम उमरेडकडच्या आमच्या मामांच्या शेतात गेला. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यापायी विदर्भातला शेतकरी रात्र रात्र मचाणावर काढतो. धुऱ्यावर बाभळीच्या फांद्या टाकतो, थोर लावतो, सागरगोट्याची जाळी वाढवतो, जुन्या साड्या बांधतो. डुक्कर घुसणार नाही असं जिवंत कुंपण, हे ऐकून एक रात्र माझ्या मनात आलं होतं की थोड्या बिया खिशात टाकून आणाव्यात. आणल्या नाहीत. परवानगीशिवाय बियाणं आणता येत नाही हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण म्हणजे गाजरगवत आणि बेशरम. दोन्ही बाहेरूनच आलेली, आणि आज नाल्याच्या काठाने चाललं की आपलं असं काही उगवलेलं दिसत नाही. एका चांगल्या हेतूने आणलेलं झाड पुढच्या पिढीच्या शेतात काय करेल हे मी सांगू शकत नाही. सागरगोटा आपल्या मातीतला आहे, त्याचीच जाळी नीट वाढवावी असं माझं मत आहे.

त्या जिवंत कुंपणाचा जमाना काटेरी तारेने संपवला. इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला १८७४ मध्ये तारेचं पेटंट मिळालं आणि झाडाचं काम तारेने उचललं. पण गंमत बघा, तार ताणायला खांब लागतात, आणि न कुजणारा खांब पुन्हा याच झाडाचा. पुढे १९३० च्या दशकात तिथे मोठा दुष्काळ पडला, नांगरलेली जमीन वाऱ्याने उडू लागली, तेव्हा रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३४ पासून वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा लावल्या. १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडं. त्यातही हे होतं. लेकीच्या मागची रांग त्यातली की त्याआधीच्या कुंपणाची, आजोबांनाही आठवत नव्हतं. त्यांना फक्त लहानपणी त्या काट्यांनी ट्रॅक्टरचं चाक पंक्चर झाल्याचं आणि वडिलांचा मार खाल्ल्याचं आठवत होतं.

फळ मात्र कोणाच्याच कामाचं नाही. रस्त्यावर शेकडो पडलेली असतात, गाड्या चुकवत जातात. खारी येऊन वळ्या फाडतात, चिकाने हातपाय बरबटून घेतात आणि बी खातात, बस. काही लोक कोळी आणि झुरळं येऊ नयेत म्हणून तळघरात ठेवतात. फळातून काढलेल्या अर्कात किडे दूर ठेवणारे गुण आढळले आहेत, पण आख्खं फळ कोपऱ्यात ठेवून काही होत नाही. आजोबांच्या तळघरात ठेवलेल्या फळावर मी स्वतः कोळ्याचं जाळं पाहिलं.

फळं मादी झाडालाच येतात, आपल्या पपईसारखं. म्हणून शहरात रस्त्याकडेला बिनकाट्याची नर झाडं लावतात.

मग निसर्गाने एवढं मोठं फळ कोणासाठी केलं? झाड बी पसरवायला फळ करतं, आणि ते खाऊन दूर नेणारा कोणी असावा लागतो. शास्त्रज्ञांचा एक तर्क असा आहे की तो खाणारा आता उरलाच नाही. मॅमथ, मॅस्टोडॉन हे हत्तीचे नातेवाईक आणि प्रचंड आकाराचे भूचर स्लॉथ उत्तर अमेरिकेत होते. साधारण बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी ते संपले. फळ त्यांच्या जबड्याच्या मापाचं होतं. खाणारा गेल्यावर झाड हळूहळू एका नदीकाठच्या पट्ट्यात आकसलं, आणि तिथून पुन्हा देशभर नेलं ते माणसाने, कुंपणासाठी. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण त्या दिवसानंतर सकाळी धप्प आवाज झाला की मी थांबून बघायचो. फणसावर आपल्याकडे हत्ती तुटून पडतात हे कोकणात, केरळात सगळ्यांना माहीत आहे. इथे भाऊ आहे, हत्ती नाही.

आता लाकूड. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आजोबा हौशी धनुष्यकार. त्यांनी मला त्या जुन्या खांबांतल्या एकाचा फाळका दिला आणि दोन्ही टोकांना मुठी असलेलं, स्वतःकडे ओढायचं पातं दिलं. आपला रंधा पुढे ढकलतात, वाकस वरून मारतात. हे बसून, पोटाकडे ओढायचं. धनुष्याची पाठ, म्हणजे तिरंदाजाच्या समोरची बाजू, ताणली जाते. त्या बाजूला वरपासून खालपर्यंत लाकडाचं एकच वर्षवलय अखंड राहिलं पाहिजे. एक वलय, एका वर्षाची वाढ. मध्ये कुठे पातं खोल गेलं आणि खालच्या वलयात घुसलं की धागे तुटले. वरून कळत नाही, पण धनुष्य वाकवलं की नेमकं तिथूनच सालपट उठतं.

तर आधी साल काढायची, मग पांढरं कच्चं लाकूड, मग वरची दोन-तीन वलयं, आणि मग निवडलेलं वलय. दोन वलयांच्या मध्ये वसंतातल्या वाढीचा एक पातळ, छिद्राछिद्रांचा थर असतो. तो ठिसूळ असतो. टणक थरातून पातं जाताना आवाज जवळजवळ नसतो, लांब गुळगुळीत साल निघते. ठिसूळ थर लागला की करकर, करकर, पापड मोडल्यासारखा. आजोबा म्हणाले, डोळे मिटा आणि ऐका. करकर ऐकू आली की हलका हात. करकर थांबली आणि खाली चकाकणारी पिवळी पाठ दिसली की तिथे हात थांबवायचा. गाठ असली की वलय तिच्याभोवती उंचवट्यासारखं वळतं, मग पात्यानेही तो उंचवटा चढायचा आणि उतरायचा. सरळ करायला गेलात की चुकलात.

मी चुकलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अर्धी पाठ साफ झाल्यावर, गाठीपाशी हात सवयीने सरळ गेला. सागवानावर रंधा मारायची सवय, सपाट म्हणजे सुंदर असं डोक्यात बसलेलं. नखाएवढ्या जागेत खालचं वलय उघडं पडलं. आजोबांनी बोट फिरवून पाहिलं, काही बोलले नाहीत. तरी त्यांनी ते पूर्ण करू दिलं. चार दिवसांनी दोरी चढवून हळूहळू ओढलं, आणि विटीएवढं सालपट त्याच ठिकाणावरून टक्कन उठलं. मला फार वाईट वाटलं. वर्षानुवर्षं उन्हापावसात उभा राहिलेला खांब होता तो, आणि माझ्या एका हाताच्या सवयीने गेला.

त्या मोडक्या धनुष्याच्या जाड मुठीतून नातीसाठी बैल झाला. त्याकडे येतो.

मोगरी दुसऱ्या खांबातून केली. हवेत वाळलेलं हे लाकूड घनमीटरला साडेआठशे किलोच्या आसपास भरतं, सागवान साडेसहाशेच्या. टणकपणात सागवानाच्या जवळजवळ अडीचपट. आजोबांच्या पटाशीला मी तीनदा धार लावली तेव्हा मोगरीचं एक भोक झालं. ड्रिलने घाई केली तर भोकातून धूर आला. पण एकदा आकार दिला की हलत नाही. वाळताना आणि दमट हवेत ते फार कमी हलतं. टेक्सासात म्हणूनच गाड्यांची चाकं याची करत, आणि जुनी घरं याच्या ठोकळ्यांच्या पायावर उभी राहिली. हे सांगितलं तेव्हा मिस्त्रीकाकांनी मान हलवली. त्यांच्या वडिलांनी रेंग्यांची, म्हणजे छोट्या बैलगाड्यांची, चाकं केली होती. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा. "तुंबा बाभळीचा," काका म्हणाले, "आणि ते लाकूड पाण्यात ठेवायचं, उगाच नाही. उन्हाळ्यात तुंबा आकसला का आरे खुळखुळतात, धाव सुटते." मग माझी मोगरी हातात फिरवून दांडा ओढून पाहिला. दोन उन्हाळे झाले, नागपूरचे, पंचेचाळीस अंशांचे, आणि त्यावर दोन पावसाळे. दांडा सुईभरही सैल नाही. माझ्या बाभळीच्या मोगरीला दर जूनमध्ये पाचर ठोकावी लागते.

माझ्या खात्याशीही याचा संबंध निघाला, याचा मला विशेष आनंद झाला. तारेच्या खांबावर चिनीमातीचा इन्सुलेटर ज्या खुंटीवर बसतो ती आम्ही लोखंडाची बसवायचो. अमेरिकेत पूर्वी ती लाकडाची असे, आणि ज्या लाकडांची करत त्यात हे एक.

भुशाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी काम करून हात धुतले तर बेसिनमध्ये पाणी पिवळं. बोटं दोन दिवस पिवळी. हिने ते पाहिलं आणि भुसा फेकू दिला नाही. या लाकडात मोरिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि तेच फणसाच्या गाभ्यातही असतं. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला आलेले भिक्खू आपण पाहतो. त्यांच्या चीवराचा तो रंग म्यानमार, थायलंड, श्रीलंका इकडे पूर्वापार फणसाच्या गाभ्याच्या चिपा उकळून काढत आले आहेत. आता बाजारात तयार रंग मिळतात, पण मूळ ते. आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याच्या खाकी कापडासाठी याच ओसेज ऑरेंजचा रंग वापरला गेला. एका भावाचा रंग भिक्खूच्या अंगावर, दुसऱ्याचा शिपायाच्या. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

हिने तिच्या जुन्या सुती पातळाचा एक पांढरा तुकडा बरोबर नेला होता, कशाला ते तिलाच माहीत. आधी तुरटीच्या पाण्यात भिजवला. भुसा कापडात बांधून पातेल्यात तासभर उकळला, मग तुकडा त्यात सोडला. सुतावर रंग लोकरीइतका गडद चढत नाही, पण पिवळा आला, पिकत आलेल्या लिंबाचा. त्याच पातेल्यात तिने एक गंजका खिळा टाकून दुसरा तुकडा बुडवला तर तो शेवाळी हिरवा झाला. लेक म्हणाली, "आई, माझं पातेलं!" पातेलं अजून पिवळट आहे असं कळतं.

त्या पिवळ्या तुकड्याची झूल शिवली, आणि हिरव्याची किनार.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्या दिवशी महाल, इतवारी या वस्त्यांत तळहाताएवढ्या बैलापासून माणसाच्या उंचीच्या बैलापर्यंत सगळे दिसतात. माझा स्वतःचा सागवानी बैल अजून देवघराच्या वर आहे, एक शिंग नसलेला. नातीला बैल हवा होता आणि विचिटात तो कुठे मिळणार?

तर धनुष्याच्या मुठीतून वीतभर लांबीचा बैल कोरला. मान खाली घातलेला, कारण लाकडातली वलयं तिथे गाठीभोवती वळत होती आणि मी या वेळी ती ऐकली. गाठ वशिंडाच्या जागी आली. चाकं चार, त्याच लाकडाची, तिथे आजोबांनी त्यांची खराद वापरू दिली. पॉलिश नाही, फक्त जवसाचं तेल. शिंगांना नातीने लाल रंग दिला. झूल पाठीवर घालून पोटाखाली नाडी बांधली. शेजारच्या आजोबांना त्याचं नाव विचारायचं होतं. नातीने सांगितलं, "याचं नाव हेज्या."

मोगरी मी बॅगेतून आणली, तयार वस्तू म्हणून. नवीन होती तेव्हा तीही ओल्या हळदीसारखी होती. हे लाकूड उजेडात तपकिरी होत जातं, ते मला माहीत होतं, पण किती लवकर ते नव्हतं. शेडच्या खिडकीकडची बाजू पहिल्या उन्हाळ्यातच गुळासारखी झाली. भिंतीकडची बाजू बराच काळ पिवळी टिकली, मग तीही. म्हणून तर काकांना ओळखता आलं नाही. ताजं कापलेलं पाहिलं असतं तर त्यांनी फणसाचं नाव आधी घेतलं असतं, मला खात्री आहे. मी दांड्यावरची सुतळी त्यांच्यासमोर उकलली. सुतळीखाली बोटभर पट्टा अजून पिवळा होता. काकांनी त्यावर अंगठा ठेवला, नख नाही, अंगठा, आणि म्हणाले, "हाव, फणसच. चुलत भाऊ."

मागच्या तान्ह्या पोळ्याला नातीचा फोन आला, व्हिडिओवर. तिथे सकाळ, इथे रात्र. तिने बैल ओढत आणला. हेज्या आता चांगला तपकिरी झाला आहे, तोंड आणि पाय तर सुपारीसारखे. झूलही विटली आहे, पिवळ्याची मातकट झाली. ही म्हणाली, "अगं, या वर्षी नवी झूल पाठवते, ती काढ." नात तयार नव्हती. दोन वर्षांत झूल तिने कधी काढूच दिली नव्हती, धुवायलासुद्धा नाही. शेवटी नाडी सोडली, झूल उचलली आणि बैलाची पाठ कॅमेऱ्याला लावली, इतक्या जवळ की आधी काहीच दिसेना.

"आजोबा, आतून अजून पिवळा आहे!"

मग झूल परत घातली आणि नाडीला दोन गाठी मारल्या.